छपरावरचा पाइप शोभेचा आहे की जीव वाचवणारा, हे कोण तपासणार?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या पेपरात जीप, थार, जिप्सी उलटल्याच्या बातम्या येतात आणि मी त्या सगळ्या वाचते, आता तर जास्तच लक्ष देऊन वाचते. गाडी कुठे उलटली, आत किती जण होते, दारू प्यायले होते का, वेग किती होता हे सगळं त्यात असतं. पण छप्पर टिकलं की बसलं, वर पाइप होते तर ते कुठून वाकले, आतल्यांनी बेल्ट लावले होते का, हे जवळजवळ कधीच नसतं, आणि माणूस वाचतो की जातो ते बऱ्याचदा त्याच्यावरच ठरतं. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण कायद्याबद्दल जे लिहिलंय तेवढं प्लीज ठेवा.

मी भांडुपला राहते. माझी आणि माझ्या दादाची मिळून एक जुनी जिप्सी आहे, सेकंडहँड घेतलेली. घेतली तेव्हाच तिच्यावर काळ्या पावडर कोटिंगचा चांगला जाडजूड दिसणारा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छप्पर आतल्यांवर बसू नये म्हणून लावतात तो पाइपांचा सांगाडा, होता, आधीच्या मालकाने कुठल्यातरी अॅक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतलेला. गेल्या पावसाळ्यात मुरबाडच्या बाजूला ओळखीच्यांच्या खाजगी जमिनीवर एका उतारावरून आडवं जात होतो, दादा चालवत होता, मी बाजूला, आणि खालच्या अंगाची कड खचली. वेग असा नव्हताच, माणूस चालतो तेवढाच. गाडी आधी कुशीवर गेली, मग छपरावर, आणि भाताच्या बांधाला टेकून तशीच उलटी थांबली. बांध मध्ये आला नसता तर ती अजून खाली गेली असती, पुढे काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

आम्ही दोघं वाचलो. दादाचा खांदा निखळला, माझ्या कपाळाला टाके पडले. कशामुळे वाचलो ते सांगते कारण ते कुणाच्यातरी उपयोगी पडेल. एक म्हणजे दोघांचे बेल्ट लावलेले होते, घट्ट. दुसरं, गाडी कलंडायला लागली की हात बाहेर काढून सावरावंसं वाटतं, अगदी आपोआप होतं ते, आणि तोच हात गाडीखाली चिरडतो, केजचा पाइप धरला तरी बोटं जातात. दादाने मला पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं की दोन्ही हात छातीवर, बेल्टला धरायचे, आणि त्या क्षणी तेच झालं. तिसरं, टूलबॉक्स, जॅक, दोरखंड, शॅकल सगळं रॅचेट पट्ट्यांनी बांधलेलं होतं. सुटा जॅक उलटणाऱ्या गाडीत काय करेल ते सांगायला नको. आणि उलटं लटकत असताना बेल्टचं बटण लगेच दाबायचं नाही हे फार कमी लोकांना माहीत असतं. आधी इग्निशन बंद, मग पाय डॅशबोर्डला घट्ट लावायचे, एक हात वर म्हणजे तेव्हा खाली असलेल्या छपराला टेकवायचा, आणि मगच बटण, नाहीतर माणूस सगळ्या वजनानिशी मानेवर पडतो. पेट्रोलचा वास येत होता, आम्ही लांब जाऊन बसलो. गाडी सरळ केल्यावर मदतीला आलेली मंडळी स्टार्ट मारून बघा म्हणत होती, दादाने हात लावू दिला नाही, कारण उलट्या गाडीत ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं, तशीच स्टार्ट मारली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवायचं, ऑइल बाहेर येऊ द्यायचं, मग पुढचं. डिझेल गाडीत तर ते ऑइल इंजिन इंधनासारखं पिऊ लागतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही.

आता मुख्य गोष्ट. गाडी टोचन करून मुंबईत आणली आणि आमच्या मिस्त्रींनी ग्राइंडर लावून तो केज कापला, तेव्हा आम्हाला कळलं की आम्ही कशाच्या भरवशावर बसत होतो. पाइप बाहेरून दोन इंची, पण भिंतीची जाडी व्हर्नियर लावून बघितली तर दीड मिलीमीटरच्या आसपास. सोसायटीच्या गेटला लावतात तसला पाइप. काचेच्या फ्रेमजवळचा बेंड आधीपासूनच चपटा झालेला होता, म्हणजे नीट बेंडिंग मशीनवर न वाकवता कसातरी वाकवलेला, आणि बरोबर तिथेच तो मुडपला. वेल्डिंग वरून छान गुळगुळीत दिसत होतं कारण वर पुट्टी आणि पेंट, आत बघितलं तर जिथे हात सहज पोचतो तिथेच वेल्ड आणि छपराच्या बाजूला, जिथे गन घालायला त्रास होतो, तिथे नुसते टाके. एकही तिरका पाइप नाही. चौकट चारी बाजूंनी सरळ असली की ती बाजूच्या धक्क्याने सरकून तिरकी होते हे कुठल्याही फॅब्रिकेटरला माहीत असतं, एक कर्णरेषा टाकली की ती सरकत नाही. आणि सगळ्यात वाईट पाय. केजचे पाय गाडीच्या तळाच्या पातळ पत्र्यावर पोस्टकार्डाहून लहान पट्ट्या ठेवून स्क्रूने बसवलेले. उलटताना वजन आल्यावर एक पाय पत्रा फाडून खाली गेला आणि तेवढं छप्पर माझ्या बाजूला खाली आलं. माझं कपाळ ज्या पाइपला आपटलं त्याच्यावर फोम होता, पण तो सायकलच्या हँडलवर असतो तसला मऊ, दाबला की दोन बोटांत लागतो.

असा केज विकणाऱ्यावर माझा राग आहे, तो मी लपवत नाही. पण त्याहून जास्त राग याचा आहे की असा केज आणि खरा केज यातला फरक सांगणारी कुठलीच व्यवस्था आपल्याकडे नाही.

खरा केज कसा असतो हे गुपित नाहीये. मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेने, एफआयएने, ते मिलीमीटरमध्ये लिहून ठेवलंय. मुख्य हूप, म्हणजे सीटच्या मागची कमान, कोल्ड ड्रॉन सीमलेस स्टीलच्या पाइपची, किमान ४५ मिलीमीटर व्यासाची आणि अडीच मिलीमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि २ मिलीमीटर जाडीची. बाकीचे पाइप ३८ बाय अडीच किंवा ४० बाय २. स्टीलची ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. पायाखालची रिइन्फोर्समेंट प्लेट किमान ३ मिलीमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची, बोल्ट किमान एम-८, ग्रेड ८.८. हे आकडे मी मुद्दाम देतेय. ज्यांच्या गाडीवर केज आहे त्यांनी रविवारी फक्त केजच्या पायाखालच्या प्लेटला फूटपट्टी लावून मोजावं, १० बाय १२ सेंटिमीटरची प्लेट आहे का बघावं, खाली वाकून पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला काही आहे का तेही बघावं. जाडी मोजायला पाइप कापावा लागत नाही, अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज असतो, जहाजाच्या आणि टाक्यांच्या कामात तो रोज वापरतात, मुंबईत असं काम करणारे भरपूर आहेत.

आम्ही आता गाडी नव्याने बांधतोय. आई म्हणते भंगारात द्या. तिचं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, तिने दादाला हात गळ्यात बांधून घरी आलेलं बघितलंय. पण आम्हाला ती चालवायची आहे, आणि चालवायची तर नीट बांधून.

पाइप सी. पी. टँक, खेतवाडीच्या भागात मिळतो, तिथे व्यापाऱ्याकडे सीडीएस, म्हणजे वर सांगितलेला कोल्ड ड्रॉन सीमलेस, मागितला आणि टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर मिळतं, फक्त मागायला लागतं, कारण ईआरडब्ल्यू पाइप, म्हणजे पत्रा गुंडाळून शिवण वेल्ड केलेला, स्वस्त असतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जिप्सी ही चासिसवर बॉडी ठेवलेली गाडी, मध्ये रबराचे बुश असतात. केज नुसत्या बॉडीला बांधला तर जोराच्या आपटीत बॉडीच चासिसवरून सुटू शकते, आणि केज थेट चासिसला वेल्ड केला आणि बॉडी रबरावर हलत राहिली तर खडबडीत रस्त्यावर जोड हळूहळू तडकतात. त्यामुळे पाय तळाच्या पत्र्यातून आरपार, दोन्ही बाजूंनी प्लेट, आणि खाली चासिसपर्यंत बुश ठेवून आधार, असं ठरलंय. मुख्य हूपमध्ये कर्ण, मागे दोन तिरके टेकू, काचेच्या फ्रेमला धरून पुढची कमान, दाराच्या उंचीला आडवे पाइप. सीट पण त्याच सांगाड्याला बांधायच्या, कारण सीट तळाच्या पत्र्याला आणि केज वेगळ्या ठिकाणी असं असेल तर पत्रा मुडपला की माणूस आणि केज वेगवेगळ्या दिशेने जातात. हार्नेससाठी, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या रेसिंगच्या बेल्टसाठी, खांद्यांच्या मागे एक आडवा पाइप, पट्टे शक्यतो जवळजवळ आडवे मागे जातील असे, कारण ते खाली जमिनीच्या अँकरला उतरवले तर आपटीत मणक्यावर दाब येतो. कंपनीचा तीन पॉइंट बेल्ट पण राहणार, रस्त्यावर तोच. पॅडिंग केजसाठीचंच, कडक, दाबलं तर सहज न दबणारं.

आणि गाडी खाली आणतोय. याच्याबद्दल माझ्या ओळखीतल्या बऱ्याच ऑफरोडवाल्यांशी माझे वाद होतात. गाडी कधी उलटेल याचं अगदी साधं गणित आहे, दोन चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा चाकांमधलं अंतर १३०० मिलीमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० वर, तर उत्तर १ येतं, म्हणजे कागदावर ४५ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत गाडी उभी राहते. आता लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, आणि मोठे टायर घालून सगळं तीन इंच वर नेलं, तर उत्तर ०.९ आणि कोन ४२ च्या आत. तीन अंश कमी वाटतात, पण हे सगळं सपाट, कडक, न हलणाऱ्या जमिनीचं आहे. प्रत्यक्षात खालच्या बाजूचे पाटे दबतात, टायर दबतो, माती खचते, वर कॅरिअरवर स्टेपनी आणि पाण्याचे कॅन असतात, आणि तो कोन बघता बघता खाली येतो. अमेरिकेतली रस्ता सुरक्षा संस्था हाच आकडा काढते, साध्या कार साधारण १.३ ते १.५ मध्ये येतात आणि उंच एसयूव्ही १ ते १.३ मध्ये. म्हणजे मुळातच या गाड्या काठावर असतात, त्यात लोक पैसे देऊन अजून उंच करतात. आमची लिफ्ट निघाली, टायर कंपनीच्या साइजचे, छपरावरचा कॅरिअर कायमचा बंद. केजचं वजन पण वरच येतं, त्यामुळे वरचं दुसरं काहीतरी कमी करणं भागच आहे.

हे सगळं शोभेच्या केजच्या कितीतरी पट महाग आहे. पण पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, आणि त्यासाठीच मी तुम्हाला लिहितेय.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवर कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, कलम १८२-ए आलं, बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने बुलबारवर, म्हणजे गाडीच्या पुढे लावतात त्या लोखंडी बारवर, कारवाई करायला सांगितलं तेही बरोबर, समोरच्या पादचाऱ्याला ते मारतात. पण त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कलम ५२ मध्ये अशीही सोय आहे की बदल आणि रेट्रोफिटमेंटसाठी, म्हणजे नंतर भाग बसवण्यासाठी, केंद्र सरकार स्पेसिफिकेशन आणि मंजुरीच्या अटी ठरवू शकतं. म्हणजे दार कायद्यात आहे. जुन्या उघड्या गाडीला रोल केज लावण्यासाठी आमच्यासारख्या साध्या मालकाला ते दार कुठून उघडायचं ते आम्हाला कुणी सांगू शकलेलं नाही. चौकशी केली की उत्तर येतं, मॅडम लावू नका. आणि लावलेले तर रस्त्यावर ढिगाने फिरतायत, बहुतेक पातळ पाइपवाले. म्हणजे जो चोरून शोभेचा लावतो त्याचं चालून जातं, आणि जो पाइपचं सर्टिफिकेट घेऊन, ड्रॉइंग काढून विचारायला जातो त्याला नाही ऐकायला लागतं. पंधरा वर्षांनंतरच्या रिन्यूअलला गाडी दाखवायला नेली तर भीती आम्हालाच. इन्शुरन्समध्ये बदल जाहीर करायचा तर आधी मंजुरी दाखवा म्हणतात, न जाहीर करावा तर क्लेमच्या वेळी अडतं.

सीएनजीचं उदाहरण घ्या. ते तर गॅसचं सिलिंडर, दाबाखालचं, गाडीच्या डिकीत. तरी त्याला रस्ता काढलाच ना. किट मान्यताप्राप्त, बसवणारा अधिकृत, आरसीवर नोंद, सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या टॅक्सी अशाच सीएनजीवर गेल्या आणि आज कुणाला त्याचं काही वाटतही नाही. केजला हे का जमणार नाही? पुण्यात एआरएआय आहे, देशातली गाड्या तपासणारी मोठी संस्था. बस उलटल्यावर तिचा सांगाडा टिकतो का हे तपासायला आपल्याकडे एआयएस-०३१ हे स्टँडर्ड आधीच आहे, म्हणजे उलटण्याचं शास्त्र आपल्याला नवीन नाही. दोन-तीन कॉमन मॉडेलसाठी, म्हणजे जिप्सी, जुनी जीप, जुनी थार, यांच्यासाठी केजचं ड्रॉइंग मंजूर करा, पाइप, प्लेट, पॅडिंग सगळं त्यात येऊ दे, बसवणाऱ्या फॅब्रिकेटरला नंबर द्या, केजवर तो नंबर पंच करा, आरसीवर नोंद करा. मग पोलिसाला रस्त्यात दोन मिनिटांत कळेल की कुठला खरा आणि कुठला काढून टाकायचा.

सरकारची बाजू मला कळते. केज ही सरसकट चांगली गोष्ट नाही. हेल्मेट न घालता रस्त्यावर चालवणाऱ्याच्या डोक्याशेजारी स्टीलचा पाइप असणं हा धोकाच आहे, साध्या टकरीत जे डोकं कशालाच लागलं नसतं ते पाइपला लागतं, माझ्या कपाळावर त्याची खूण आहे. म्हणूनच तर हे काम दुकानदाराच्या मर्जीवर सोडू नका असं म्हणतेय. डोकं आणि पाइप यात किती अंतर हवं, पॅडिंग कुठलं हवं, हे अभ्यास केलेल्यांनी ठरवावं.

नवीन गाड्यांत परिस्थिती सुधारतेय, २०२० च्या थारमध्ये कंपनीनेच आत केज दिलाय, भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आपटवून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणी, २०२३ पासून सुरू झालं. पण भारत एनकॅपमध्ये पण समोरची, बाजूची, खांबावरची टक्कर बघतात, गाडी उलटवून बघत नाहीत. आणि जुन्या उघड्या गाड्या कुठे जाणार आहेत? सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ ला बंद झाली, पण त्या अजून हजारोंनी चालतायत, आणि फक्त आमच्यासारख्यांकडे नाहीत. ताडोबाला सफारीला जाऊन आलेल्यांनी आठवून बघावं. छप्पर काढलेली जिप्सी, मागे उंचावर बसवलेल्या सीट, सहा पर्यटक, पुढे गाइड आणि ड्रायव्हर, लहान मुलं उभी राहून वाघ शोधतायत. मागे बेल्ट लावलेला मला तरी दिसला नाही. गुरुत्वमध्य किती वर गेला असेल त्याचा हिशेब वर दिलाच आहे. तिथे वेग कमी असतो असं सांगतात, आमचाही कमीच होता. माझी वहिनी आणि भाचे येत्या सुट्टीत तिकडे जायचं म्हणतायत आणि मला त्यांना काय सांगावं कळत नाहीये.

आणि ज्यांना वाटतं की ही सगळी पैसेवाल्यांची हौस आहे, बंदच करा, त्यांनाही विनंती की डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात आजारी माणूस खाली आणायला, पुरात सामान पोचवायला याच गाड्या जातात, त्याच उतारांवरून, आणि त्यांच्या ड्रायव्हरला हौस नसते, त्याला जावंच लागतं.

संपादक साहेब, तुमच्या वार्ताहरांना माझी एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी आली की पंचनाम्यात छपराबद्दल, केजबद्दल आणि बेल्टबद्दल काय लिहिलंय ते विचारा आणि छापा. आणि परिवहन खात्याला माझा सरळ प्रश्न आहे. सीडीएस पाइपचं टेस्ट सर्टिफिकेट, केजचं मापासकट ड्रॉइंग, वेल्डरचा दाखला आणि प्रत्येक जोडाचे फोटो एवढं आम्ही तयार ठेवलंय. केज अजून गाडीवर चढवलेला नाही. कलम ५२ खाली मंजुरीसाठी अर्ज कुठल्या नमुन्यात आणि कुणाकडे करायचा, गाडी तपासणीला पुण्याला न्यायची असेल तर आम्ही ट्रेलरवर घालून नेऊ, फी काय असेल ती भरू. उत्तर याच पानावर आलं तर माझ्याबरोबर अजून बऱ्याच जणांचं काम होईल.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व), मुंबई
(कृपया नाव छापू नये.)